माशाचं दुखणं पाण्यात असतं

शोभेच्या माशांची काचपेटी घरात आली की पहिले चार दिवस सगळं घर तिच्याभोवती गोळा झालेलं असतं. मुलं माशांची नावं ठेवतात, यजमान पाहुण्यांना दिवा लावून दाखवतात, सासूबाईसुद्धा जपाची माळ घेऊन समोर बसतात. पाचव्या दिवसापासून मात्र ती पेटी आपली होते. हौस मुलांची, पैसे यांचे आणि पाणी बदलणं आपल्याकडे, ही वाटणी कोणी केली कोण जाणे! पण केली गेलेली असते खरी.

आणि मग एखाद्या सकाळी, दुधाचं पातेलं गॅसवर असताना हाक येते, ‘आई, बघ ना, हा हलतच नाही.’ मासा तळाशी पडलेला असतो, पंख अंगाशी चिकटलेले, कल्ले भराभर हलताहेत. मुलाच्या डोळ्यांत पाणी. आणि आपल्याला काय करावं ते सुचत नाही. माशाला ताप आहे का हे हात लावून बघता येत नाही, त्याला कुठे दुखतं ते सांगता येत नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे न्यायचीही सोय नाही.

अशा वेळी एक गोष्ट मनाशी पक्की धरायची. घरातले मासे आजारी पडतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. रोगाचे जंतू असतातच, पण चांगल्या पाण्यातला मासा त्यांना दाद देत नाही. पाणी बिघडलं की त्याची ताकद जाते आणि मग रोग शिरतो. म्हणून औषधाच्या बाटलीकडे धाव घेण्याआधी पाण्याकडे बघायचं.

‘संकट त्याने घेतलं’

मासा मेला की आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच, ‘जाऊ दे गं, घरावरचं काहीतरी होतं, ते त्याने आपल्यावर घेतलं.’ ऐकायला बरं वाटतं. मुलाची समजूतही पडते. कोणाच्या श्रद्धेला हात लावण्याचा इथे हेतू नाही. पण या वाक्याचा एक तोटा आहे. ते म्हटलं की तो मासा का मेला हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात नवा मासा सोडला जातो आणि पंधरा दिवसांनी तोही ‘संकट घेऊन’ जातो.

तीच गोष्ट आठ सोनेरी आणि एक काळा अशा नऊ माशांची. फेंगशुईवाल्यांचा हा सल्ला आता गावोगावी पोचला आहे. नऊ गोल्डफिश म्हणजे नेमके किती हे जरा बघा. दुकानात बोटाएवढा दिसणारा, दोन शेपट्यांचा फुगीर गोल्डफिश नीट वाढला तर १५ ते २० सेंटिमीटरचा होतो. साध्या एकशेपटी जातीचा त्याहूनही मोठा. हा मासा खातो फार आणि घाणही फार करतो. एका गोल्डफिशला निदान ६० ते ७५ लिटर पाणी असावं असं जाणकार सांगतात. आपली दोन फुटी पेटी, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २५ उंचीपर्यंत भरलेली, यात पाणी मावतं ४५ लिटर. तिच्यात एक गोल्डफिशसुद्धा थोडा अडचणीतच असतो. मग नऊ म्हणजे दोन खोल्यांत पंचवीस पाहुणे आणि एकच मोरी!

गोल काचेच्या भांड्याचं तर विचारूच नका. त्यात जेमतेम चार-पाच लिटर पाणी. इटलीतल्या रोम शहराने २००५ मध्ये अशा गोल भांड्यात गोल्डफिश ठेवायला चक्क बंदी घातली. आणि नीट ठेवला तर हा मासा किती जगतो? दहा-पंधरा वर्षं सहज. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये गेला, वयाच्या ४३ व्या वर्षी! आपल्याकडे तो चार महिन्यांत जातो, याला नशीब म्हणायचं का?

आरशासारखं पाणी आणि त्यातलं विष

‘अहो, पण पाणी तर आरशासारखं स्वच्छ आहे!’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण पाणी स्वच्छ दिसणं वेगळं आणि चांगलं असणं वेगळं. विहिरीचं नितळ पाणीसुद्धा आपण गाळून, उकळून पितोच की नाही?

मासा श्वास घेतो त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात विधीही करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही तोच. अमोनियाला पाण्यात रंग नाही. थोडा असला तर वासही येत नाही. पण तो माशाचे कल्ले जाळतो.

निसर्गाने यावर तोड काढून ठेवली आहे. पाण्यात काही उपयोगी जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते आणि दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, तो रक्तात शिरला की रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. नायट्रेट त्या मानाने सौम्य. तो थोडा साठला तर चालतो आणि पाणी बदललं की कमी होतो. हे जिवाणू राहतात कुठे? फिल्टरच्या स्पंजात, तळाच्या खड्यांवर, काचेवर. मोकळ्या पाण्यात ते फार थोडे.

आता आपलं चुकतं कुठे ते बघा. नवीन पेटी आणली, नळाचं पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. या पाण्यात जिवाणूंची वस्ती अजून बसलेलीच नाही. ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया वाढत जातो आणि पंधरवड्याच्या आत मासे पडू लागतात. हे नव्या पेटीचं दुखणं.

दुसरं दुखणं अतिस्वच्छतेचं. आपण मुळात टापटिपीच्या. महिन्यातून एकदा सगळं पाणी ओतून, खडे नळाखाली चोळून, स्पंज धुऊन पेटी लखलखीत करतो. म्हणजे घाणीबरोबर ते उपयोगी जिवाणूही मोरीत गेले. पेटी पुन्हा पहिल्या दिवसासारखी नवी झाली आणि आठवड्याभरात मासा आजारी.

दह्याचं उदाहरण घेतलं की हे चटकन कळतं. रोज विरजणासाठी चमचाभर दही आपण राखून ठेवतोच. सगळं भांडं घासून टाकलं तर उद्याचं दही कशावर लावणार? फिल्टरचा स्पंज हे पेटीचं विरजण आहे. तो नळाखाली कधीच धुवायचा नाही. पेटीतून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळून परत लावायचा. नवी पेटी मांडताना ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी माशांची पेटी असेल तर तिच्या स्पंजाचा तुकडा मागून आणावा आणि आपल्या फिल्टरात बसवावा. विरजण शेजारून आणतोच ना आपण!

पाणी तपासायचे थेंब आणि रंगांचा तक्ता असलेला संच माशांच्या मोठ्या दुकानांत मिळतो. एखादं शोभेचं खेळणं कमी घ्या, पण हा घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की पुष्कळ झालं.

नळाचं पाणी, बोअरचं पाणी

नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याला तो जुलाब-काविळीपासून वाचवतो, माशाच्या कल्ल्यांना मात्र तो जाळतो आणि आपल्या विरजणालाही मारतो. म्हणून नळाचं पाणी रुंद तोंडाच्या टबात निदान २४ तास उघडं ठेवावं, जमल्यास त्यात हवेचा पंप सोडावा. क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, तो असा उडत नाही. त्यामुळे दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब घरात असू द्यावेत. बाटलीवर लिहिलं असेल तेवढेच घालावेत. पावसाळ्यात पाण्याला नेहमीपेक्षा जास्त क्लोरीनचा वास येतो, त्या दिवसांत तर हे विसरूच नये.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण जमिनीतून आलेल्या त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेही रात्रभर ठेवून, हवा देऊन मगच वापरावं. आणि एक लक्षात ठेवा, हे पाणी बहुधा जड आणि क्षारयुक्त असतं. अशा पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त जहाल होतो. म्हणजे बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात मासे थोडे आणि पाणी बदलणं नियमाचं हवं.

मासा काय सांगतो?

मासा बोलत नसला तरी सांगतो पुष्कळ. फक्त खाणं टाकताना पाच मिनिटं उभं राहून बघायला हवं.

सगळे मासे एकदम वर येऊन पाण्याच्या तोंडाशी ‘आ’ करताहेत, तर प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया-नायट्राइट वाढले आहेत. एकच मासा नव्हे, सगळे, ही खूण महत्त्वाची. सगळे आजारी पडले तर संशय आधी पाण्याचा.

पंख अंगाशी मिटलेले, खाण्याकडे लक्ष नाही, कोपऱ्यात बसून आहे, ही कोणत्याही दुखण्याची सुरुवात. पंखांवर किंवा अंगावर लाल रेघा दिसू लागल्या तरी पाणी तपासावं.

अंगावर आणि शेपटीवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा खड्यांवर अंग घासू लागला, तर तो ठिपक्यांचा रोग. तो एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि झपाट्याने पसरतो. पावसाळ्यात-थंडीत पाणी एकदम गार झालं की हा हमखास येतो.

शेपटीच्या कडा पांढरट होऊन फाटल्यासारख्या दिसतात ती पंखांची कूज. अंगावर कापसाचा पुंजका दिसतो ती बुरशी. फुगीर गोल्डफिश एका अंगावर किंवा उलटा तरंगू लागला तर बहुधा पोटाची तक्रार. आणि पोट फुगून खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले तर आतले अवयव निकामी होत आले आहेत असं समजावं. यातून मासा क्वचितच वाचतो.

आधी पाणी, मग औषध

आता ती सकाळची हाक पुन्हा ऐकू आली असं समजा. गॅस बंद करा आणि या क्रमाने चला.

पहिली गोष्ट, खाणं बंद. आजारी माशाला प्रेमाने जास्त खायला घालू नका. मोठा मासा काही दिवस न खाता सहज राहतो. टाकलेलं खाणं मात्र कुजून पाणी आणखी नासवतं.

दुसरी गोष्ट, हवा. पंप चालू आहे ना, नळी खड्याखाली दबलेली नाही ना, ते बघा.

तिसरी गोष्ट, पाणी. तपासणीचा संच असेल तर तपासा. नसेल तर वाट बघत बसू नका. पेटी नवी असेल, किंवा नियमाने पाणी बदललं जात असेल, तर अर्धं पाणी काढून तेवढंच शिळं केलेलं, क्लोरीन गेलेलं पाणी हळूहळू भरा. हाताला दोन्ही पाणी सारखंच लागलं पाहिजे, फार गार नको, कोमट नको. घरात साठवलेलं पाणी नसेल तर नळाच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब घालून ते वापरा.

पण कित्येक महिने पाणी बदललंच नसेल तर एकदम अर्धं बदलू नका. त्या माशाला जुन्या आंबट पाण्याची सवय झालेली असते, अचानक बदलाने तो दगावतो. अशा वेळी रोज पाचवा हिस्सा, असं आठवडाभर बदलत जा.

पाणी काढताना नळीला तोंड लावून ओढू नका. नळी आधी पाण्याने भरा, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, एक टोक पेटीत, दुसरं खाली बादलीत आणि मग सोडा. नळीचं तोंड खड्यांमध्ये फिरवा म्हणजे तळाची घाणही निघते. हाताला जखम असेल तर मुळीच हात घालू नका, माशांच्या पाण्यातले काही जंतू माणसाच्या कातडीलाही त्रास देतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. आधी मात्र साबण लागलेला हात पाण्यात जाता कामा नये.

पुष्कळदा एवढ्यानेच मासा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पंख उघडतो. नाही उघडले, तर पुढचा उपाय.

मीठ, मटार आणि टब

आपल्या फडताळातलं सर्वांत गुणकारी औषध म्हणजे खडे मीठ. नायट्राइट वाढला असेल तर लिटरला १ ग्रॅम मीठ माशाला त्यापासून वाचवतं. ठिपक्यांच्या रोगाला लिटरला २ ते ३ ग्रॅम लागतं. अंदाजपंचे मूठ टाकू नका, वजन करा. पेटीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० ने भागा, म्हणजे लिटर आले. आपल्या ४५ लिटरच्या पेटीला लिटरमागे २ ग्रॅमने ९० ग्रॅम मीठ झालं. ते एकदम नाही, ३०-३० ग्रॅम तीनदा, प्रत्येक वेळी बारा तासांच्या अंतराने, तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवून ओतायचं.

मीठ उडून जात नाही, हे विसरू नका. पाणी नुसतं आटलं तर साधं पाणी घाला. १२ लिटर पाणी बदललं तर फक्त त्या १२ लिटरचं, म्हणजे २४ ग्रॅम मीठ घाला. पेटीत खऱ्या वनस्पती किंवा तळाशी फिरणारे बारीक मिशांचे मासे असतील तर त्यांना मीठ सोसत नाही. अशा वेळी आजारी माशाला वेगळं ठेवूनच मिठाचा उपाय करा.

ठिपके नाहीसे झाले की दुसऱ्याच दिवशी उपाय थांबवू नका. तो परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तोवर त्याला मीठ किंवा औषध लागू पडत नाही. तो गळून तळाशी पडतो, त्याची शेकडो पिलं होतात आणि ती नवा मासा शोधत पाण्यात पोहतात. मरतात ती तेव्हाच. म्हणून ठिपके गेल्यावरही उपाय दहा-बारा दिवस चालू हवा. ठिपके एका माशावर असले तरी सगळ्या पेटीला उपाय हवा, कारण पिलं पाण्यातच असतात.

एकट्या माशाच्या पंखांची कूज किंवा बुरशी असेल तर त्याला वेगळं ठेवावं. वीस लिटरचा नवा प्लॅस्टिकचा टब घ्या, कपडे-भांड्यांचा साबण कधीही न लागलेला. त्यात पेटीतलंच पाणी, हवेची नळी आणि वर जाळी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. या टबातलं अर्धं पाणी रोज बदला. मिथिलीन ब्ल्यूसारखं निळं औषध वापरायचं तर ते या टबातच, मोठ्या पेटीत नाही. ते विरजण मारतं. ओटा आणि साडीही निळी करतं!

उलट्या तरंगणाऱ्या गोल्डफिशला दोन-तीन दिवस उपास घडवा. मग मटाराचा एक दाणा मऊ उकडून, साल काढून, बारीक कुस्करून द्या. बद्धकोष्ठ असेल तर एवढ्याने मोकळं होतं.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. घरातल्या औषधांच्या डब्यातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणं. पूर्वी हा सल्ला सर्रास दिला जायचा. त्याने रोग जाईलच असं नाही, पण पेटीतले उपयोगी जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. ते पाणी शेवटी आपल्याच मोरीतून पुढे जातं.

दिवाणखान्यातले छुपे शत्रू

काही वेळा पाणी ठीक, मासे मोजके, तरी एका रात्रीत सगळे जातात. मग घरात कोणी काय फवारलं ते आठवा. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन आणि झुरळांचा फवारा यांतली बरीचशी औषधं माणसाला सौम्य असली तरी माशांना फार जहाल असतात. पेटी असलेल्या खोलीत ती नकोतच. फवारणी करायचीच असेल तर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी घ्या आणि पेटी ओल्या कापडाने झाका. धूप, उदबत्ती, दिवाळीआधीचा तेलरंग यांनाही तोच नियम. लादी पुसायचं फिनेल पेटीजवळ शिंपडू नका.

तांब्या-पितळेचं भांडं पिण्याच्या पाण्याला चांगलं, माशांच्या पाण्याला नाही. तांबं माशांना विषारी आहे. पेटीत नाणी टाकणं, तांब्याच्या कळशीत पाणी शिळं करणं, हे टाळा.

उन्हाळ्याचं गणितही ध्यानात घ्या. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. नेमकी तेव्हाच वीज जाते! वीज गेली की तांब्याने पेटीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत ओतत राहा, दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ. त्या दिवशी खाणं नको. वीज वारंवार जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा छोटा पंप घेऊन ठेवावा.

नवा पाहुणा

शोभेचे पुष्कळसे मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून आणि पश्चिम बंगालमधून येतात. पिशवीतून, रेल्वेने, मग दुकानातल्या गर्दीच्या टाकीत, असा प्रवास करून थकलेला मासा आपण घरी आणतो. तो थेट पेटीत सोडला तर त्याचा रोग सगळ्यांना. दोन-तीन आठवडे त्याला वेगळ्या टबात ठेवा. सोडण्याआधी पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे पाणी सारखं होतं. पिशवीतलं दुकानाचं पाणी पेटीत ओतू नका. आणि ज्या टाकीत एखादा मासा मेलेला दिसला, त्या टाकीतला दुसरा स्वस्तात मिळाला तरी नको.

रविवारची अर्धी घटका

हे सगळं वाचून, ‘एवढं कोण करणार?’ असं मनात आलं असेल. पण आजारपणात लागतं त्याच्या निम्मंही रोजच्या निगेला लागत नाही. शनिवारी रात्री बादली भरून ठेवायची. रविवारी पेटीतलं पाव पाणी नळीने काढायचं, नवं भरायचं. महिन्यातून एकदा स्पंज त्या काढलेल्या पाण्यात पिळायचा. औषध-मीठ घातलेलं नसेल तर ते पाणी कुंड्यांना द्यायचं, मोगऱ्याला उत्तम खत. खाणं दिवसातून एकदा-दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. आणि आठवड्यातून एक दिवस माशांनाही एकादशी.

आणि हे सगळं आपण एकटीनेच का करायचं? मुलाच्या हातात एक वही द्या. तारीख, किती पाणी बदललं, मासे खाल्ले का, रंग कसा आहे. बादली उचलणं यजमानांकडे. दिवा लावून पाहुण्यांना दाखवतात ना, मग बादलीही उचलता येते! हौस सगळ्यांची असेल तर कामही सगळ्यांचंच असावं.

नाहीच वाचला तर

सगळं करूनही काही मासे जातात. अशा वेळी मूल शाळेत गेल्यावर गुपचूप तसाच दुसरा मासा आणून सोडण्याचा मोह होतो. तो आवरा. मुलांना कळतं. आणि कळलं की आपल्या शब्दावरचा त्यांचा विश्वास थोडा उणावतो. ‘तो झोपलाय’ असंही नको. मासा मेला, त्याच्या कल्ल्यांना त्रास झाला, पाणी बिघडलं होतं, हे सरळ सांगता येतं. मूल रडेल, रडू द्या. मग दोघांनी मिळून कुंडीत किंवा अंगणात खोल खड्डा करून त्याला पुरा. संडासात टाकून पाणी सोडलेलं मूल विसरत नाही.

जिवंत माशांचा कंटाळा आला म्हणून ते तलावात किंवा नदीत मात्र कधीही सोडू नका. त्यात पुण्य नाही. काच चाटणारा तो खरबरीत सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अशाच सुटलेल्या माशांमुळे तो आज आपल्या देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे आणि कोळ्यांच्या जाळ्यांत नेहमीच्या माशांऐवजी येऊ लागला आहे. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा हौस असलेल्या कोणाला तरी.

मासा गेल्यानंतरचा आठवडा नवा मासा आणण्याचा नाही. तो पाणी तपासण्याचा. उरलेल्यांचे पंख उघडे आहेत ना, अमोनिया शून्यावर आला ना, वहीत शेवटचं पाणी कधी बदललेलं दिसतं, ते मुलाबरोबर बघा. त्याचा प्रश्न येईल, ‘आई, आता दुसरा आणायचा?’ तेव्हा उत्तर वहीत बघून द्या. चार आठवडे आकडे बरोबर आले, तर आणा. एकच.